लग्नाचं चित्र

८ फेब्रुवारी
ठाण्याच्या बाईची कविता फोनवर आली. तिच्या पुस्तकासाठी सहा चित्रं पाहिजेत, आपली वारली, गेरूवर पांढरी. फोनवरची अक्षरं मला बारीक पडतात, पोरीने, मनीने, दोनदा वाचून दाखवली. माणूस जन्मतो, खेळतो, लग्न करतो, पोरं होतात, म्हातारा होतो, जातो. झालं. एवढं सांगायला बाईला चार पानं लागली.
नवसू खाटेवरून खोकत म्हणाला, "तिसरं आपलं राह्यलंय."
राहिलंच आहे. चोवीस वर्षं झाली त्याच्या घरात रिघून. पाड्यात निम्म्यांचं असंच. आधी संसार, लग्न जमेल तेव्हा. आमचं जमलंच नाही. कधी भात बुडालं, कधी सासू गेली, बाकी वर्षं वीटभट्टीवर.

११ फेब्रु.
जन्म काढून झाला, खेळ झाला.
नवसूला जीपने जव्हारला नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरने मला सोडून पोरीला बाजूला घेतलं. मी काय बहिरी? येताना जीपमध्ये मनीला म्हटलं, बोल. म्हणाली, "आये, भट्टीच्या धुळीने बाबाची फुप्फुसं गेलीत. आता बरं नाय होणार."
नवसू पुढे डायव्हरजवळ होता. ऐकलं असणार. वळला नाही.

१३ फेब्रु.
तिसऱ्या कागदावर पोरं काढली, लग्नाला चौथा कागद कोरा ठेवला. बाईला धाडलं. लगेच फोन. "मावशी, क्रम चुकला. आधी लग्न, मग मुलं."
"कोणाची?" म्हटलं.
हसली. मला हसू आलं नाही. परत काढणार नाही.

१५ फेब्रु.
नणंद आली, जानी. तोंड म्हणजे कोयता. "लग्न लावून घ्या. मनीला मागणी आलीय ना? आईबापाचं झाल्याबिगर पोरीचं कसं लावणार? आन् हा असाच गेला तर तू काय पुसशील? पुसायला कुंकू तरी लागतं."
तिला चहा दिला नाही. खरं बोलली म्हणून.

१६ फेब्रु.
धवलेरीकडे जाऊन आले. आमच्यात भटजी नाही, तिच्याच गाण्यांनी लग्न लागतं. म्हातारी म्हणाली, "सांगशील त्या दिवशी येते. पण नवरा बसता पायजे."
घरी येऊन सांगितलं तर नवसू फिरला. "नाय लावायचं."
"का? त्या दिवशी तर तूच..."
"चार दिवसांसाठी तुला रांडव करू? असाच गेलो तर तू मोकळी."
"मोकळी? चोवीस वर्षं भाकर भाजली ती कोणाची?"
त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी ताटली आपटली. मनी रडत बाहेर गेली. तिच्या रडण्याचाही राग आला.

१९ फेब्रु.
बाई मागे लागलीय. लग्नाचं घेतलं. चौक काढला, चारी बाजूंची नक्षी, झाडं, घोड्यावर नवरानवरी. कागदावर असे किती चौक काढले मी, शहरात लोकांच्या घरी लागलेत. खऱ्या लग्नात भिंतीवरचा चौक सवासणी काढतात. त्या बोलावतात तेव्हा मी काहीतरी काम काढून शेतावर जाते.
मधली देवी तेवढी राहिली, जिच्याबिगर लग्न लागत नाही ती. हात जाईना. काडी बुडवली, सुकली. पुन्हा बुडवली, पुन्हा सुकली.
बाईला सांगितलं, घरात आजारपण आहे, थांबा. म्हणाली, "मधली जागा मोकळीच छान दिसते, तसंच द्या."
छान म्हणे. फोन ठेवला.

२१ फेब्रु.
कालपासून नवसूला धाप फार. आडवा झाला की गुदमरतो, बसवूनच ठेवावं लागतं. सकाळी पेज पाजत होते. दोन घोट घेतले आणि माझा हात धरला. म्हणाला, "हळद कोणाच्या घरची आणणार?"
"गप," म्हटलं. "बोलून दम लागतो."
मग लक्षात आलं त्याने काय विचारलं ते.
हळद आणायला मनीला मोखाड्याच्या जीपमध्ये बसवलं, आज बाजार आहे. जानी पळत धवलेरीकडे गेली. उद्या म्हणाली तर उद्या. आज म्हणाली तर आज.
त्याच्या पाठीला पाठ लावून बसलेय, टेकू म्हणून. वही मांडीवर. तो श्वास घेतो तसं अक्षर हलतं. तो थांबला की मीही थांबते, आणि