चारातला एक पोकळ चौकोन

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तुमच्यावर चिडलेलीच आहे. माणूस गेला की राग आपोआप निवळतो असं लोक म्हणतात. माझा निवळला नाही. उलट निवृत्त झाल्यापासून रिकामा वेळ मिळाला आणि तो वाढलाच. सक्करदऱ्याच्या आपल्या त्याच घरात, त्याच खिडकीपाशी बसून मी हे लिहिते आहे, आणि दर दोन ओळींनी मला वाटतं की तुम्ही समोर असता तर आधी तुमच्याशी कडकडून भांडले असते.

तुम्ही बोअरचे मिस्त्री होता. कोळसा कुठे आहे ते शोधायला जमिनीत खोल भोकं पाडायची, आतून निघालेल्या दगडाच्या कांड्या पेटीत क्रमानं लावायच्या आणि किती खोलीवर काय लागलं ते रजिस्टरात लिहायचं, हे तुमचं काम. महिना महिना तंबूत राहायचा आणि घरी आलात की अंगाला डिझेलचा वास असायचा. मी त्याच खात्याच्या नागपूरच्या ऑफिसात ड्रॉइंग सेक्शनला होते. आपल्या वस्तीतून ऑफिसात टेबलावर बसणारी मी पहिली मुलगी, हे तुम्ही बसमधल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगायचा. मला मात्र तुमची रजिस्टरं टेबलावर आली की धडकी भरायची. चिखलाचे डाग, पेन्सिलीनं लिहिलेली वऱ्हाडी, मार्जिनमध्ये भाकरीच्या पिठाचा हिशेब. शेजारचे कारकून मोठ्यानं वाचून हसायचे, आणि मी मान खाली घालून रेघा मारत राहायचे.

त्या काळात ऑफिसानं एक मोठं काम काढलं होतं. कामठीच्या पलीकडच्या सगळ्या पट्ट्याची माहिती कापडी गुंडाळ्यांवर होती. एक जागा बघायची तर चार माणसांनी मिळून गुंडाळी व्हरांड्यात पसरायची, आणि साहेब लोक चपला काढून तिच्यावरून चालत जायचे. म्हणून ठरलं, की जमिनीचा तो सगळा भाग एक भला मोठा ठोकळा आहे असं धरायचं. त्याचे आडवे काप करायचे, दर दहा मीटर खोलीला एक. प्रत्येक कापाचे चौरस तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला एक शीट. शीटवर बारीक चौकोन आखून प्रत्येकात लिहायचं, इथे कोळसा, इथे दगड, इथे वाळू, इथे पोकळ. मग अशा चार शीटांचं मिळून एक शीट करायचं, तेवढ्याच आकाराचं. म्हणजे खालचे चार चौकोन वरच्या एका चौकोनात बसवायचे. पुन्हा त्या चारांचं एक. असं करत करत शेवटी सगळा काप साहेबांच्या टेबलावर मावेल एवढ्या एका कागदावर यायचा. बारकाई हवी असेल तर शीटवरचा नंबर बघून खालचं शीट कपाटातून काढायचं. मला हे काम फार आवडलं होतं. दोन वर्षं आम्ही सहा जणांनी दुसरं काही केलं नाही.

चाराचं एक करताना नियम असा होता, की चौकोनांत जे जास्त असेल ते वर जाईल. तीन ठिकाणी कोळसा आणि एका ठिकाणी पोकळ असेल, तर वर कोळसा.

तुमच्या एका बोअरच्या नोंदीत तुम्ही लिहिलं होतं, ‘हितं रॉड एकदम दोन हात खाली गेला. वरून सोडलेलं पानी सारं गडप. खाली जुनं खोदलेलं असन.’ पूर्वीच्या कुठल्या तरी मालकाच्या वेळचं खोदकाम, त्याचे नकाशे कोणाकडेच नव्हते. सगळ्यात खालच्या, म्हणजे सगळ्यात बारकाईच्या शीटवर मी तिथे ‘पोकळ’ लिहिलं. त्याच्या वरच्या शीटवर ते उरलं नाही.

तुम्ही सुटीवर आलात तेव्हा मीच हौसेनं तुम्हाला हे सगळं समजावत होते. आई भरल्या वांग्यांची तयारी करून राहिली होती. तुम्ही विचारलं, ‘माह्या त्या भोकाचं काय केलं वं?’ मी म्हटलं, खालच्या शीटवर आहे, वर नाही. तुम्ही आईच्या हातातलं वांगं घेतलं, चिरून बघितलं, ते टाकलं, दुसरं चिरलं. तिसऱ्याला अळी सापडली. चार फोडी करून माझ्यासमोर ठेवल्या. ‘तीन चांगल्या, एकीत अळी. तुह्या कागदावर हे वांगं चांगलं. खातं काय?’

आई म्हणाली, ‘पोरीले जेवू त द्या.’

‘वरचा कागद पाहूनच खाण चालवतीन ना थे? खालचा कोण काढते कपाटातून?’

‘नियम मी नाही केला, बाबा. ऑफिस माह्या बापाचं नाही.’

हे बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. तुम्ही फोडी उचलल्या, बाहेर टाकल्या आणि हात धुऊन जेवायला बसलात. रात्रभर बोलला असतात, मला चार शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. तुमची ही गप्प बसायची सवय मला तेव्हाही सहन होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी हेड ड्राफ्ट्समनकडे गेले. गेले होते बरं का, तुम्हाला वाटत असेल गेले नाही. त्यांनी चष्मा वर सरकवला. ‘एका बोअरसाठी नियम बदलायचा? रॉड घसरला असेल. हे मिस्त्री लोक काहीही लिहितात.’ मी म्हणायला हवं होतं की हा मिस्त्री काहीही लिहीत नाही. मी ‘बरं’ म्हटलं आणि जागेवर येऊन पुढचं शीट ओढलं.

मग सात-आठ महिन्यांनी तुम्ही पुन्हा घरी आलात, तेव्हा त्या पट्ट्यातल्या खाणीचं काम आमच्याच नकाशावरून चाललं होतं, आणि चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलंत, ‘त्या खाणीचा बोगदा कोणीकडे चालला?’ मी म्हटलं, उगवतीकडे. ‘माह्या भोकाकडे?’ मी वैतागून म्हटलं, ‘हो, आणि नकाशात तिथे भरीव कोळसा आहे. आता पुरे करा.’ तुम्ही पुरे केलंत. पायताण घातलं आणि कामठीची बस पकडली.

तुम्ही खाणीवर गेलात आणि बरोबर ठरलात, एवढंच तेव्हा कळलं; तिथे काय काय झालं ते मला तुमच्याकडून नाही, त्या खाणीतल्या सरदाराकडून, म्हणजे पाळीच्या मुकादमाकडून कळलं, तेही तुम्ही गेल्यावर, जलदानाच्या दिवशी. तुम्ही तीन दिवस मॅनेजरच्या ऑफिससमोर बसून होता. पहिल्या दिवशी शिपायानं हाकललं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः बाहेर आला आणि म्हणाला, नकाशा तुझ्यापेक्षा शिकलेल्या माणसांनी काढला आहे. ती शिकलेली माणसं म्हणजे मी. तिसऱ्या दिवशी हा सरदार पाळीवरून वर आला. तो तुमच्या जुन्या ओळखीचा होता. तुम्ही त्याला म्हणालात, ‘माह्यावर भरोसा नको ठेवू गा. समोर एक लांब भोक पाडून पाह्य. काही नाही लागलं त मले चार लोकांत जोडे मार.’ त्यानं आपल्या जबाबदारीवर भोक पाडलं. पंधरा-सोळा हातांवर ड्रिल हाताला झटका देऊन बाहेर फेकलं गेलं आणि मागून जुन्या खोदकामात तुंबलेल्या पाण्याची धार अशी आली, की समोरचा माणूस उताणा पडला. बोगद्यात त्या वेळी अठ्ठावीस माणसं होती. सगळी पायी चालत वर आली. भोकातून पाणी कित्येक दिवस वाहत होतं.

तुम्हाला काय मिळालं? मेमो. कामाची जागा सोडली आणि दुसऱ्या खात्याच्या कामात दखल दिली म्हणून. मग दूरच्या कॅम्पला बदली, रिटायर होईपर्यंत. मी मेमो वाचला तेव्हा ट्रंक भरणाऱ्या तुमच्यासमोर उभी राहून ओरडले, ‘खाणीवर जायच्या आधी मले काहून नाही सांगतलं?’

तुम्ही धोतर घडी करत म्हणालात, ‘दोनदा सांगतलं. तिसऱ्यांदा सांगतलं असतं त तुले साहेबासंग भांडा लागलं असतं. नवी नोकरी तुही.’

बाबा, माझा राग आहे तो इथेच. मला भांडायचं होतं की नाही हे तुम्ही कोण ठरवणार? तुम्ही माझी नोकरी वाचवलीत आणि मला जन्मभर तुमच्यासमोर खाली बघायला लावलंत. एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतंत, पोरी, तू चुकली. मी रडले असते आणि मोकळी झाले असते.

नियम बदलला. चारांत एक जरी पोकळ असेल तर वर पोकळच लिहायचं, शेवटच्या कागदापर्यंत, लाल शाईनं. मीच तो लिहून दिला. सगळी वरची शीटं पुन्हा काढायला वर्ष गेलं. पुढे कॉम्प्युटर आले, तेच चाराचं एक मशीन करू लागलं, आणि माझा नियम त्यातही घातला गेला. निरोपाच्या समारंभात त्याला ‘मॅडमचा नियम’ म्हणाले. मी हात जोडले आणि खाली बसले.

हे पत्र कोणाला दाखवायचं नाही. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, आणि ती लिहायची म्हणूनच बहुतेक बसले होते. तुमच्या मेमोची प्रत ऑफिसात आली त्या दिवशी हेड ड्राफ्ट्समननं मला बोलावलं. त्यांना वाईट वाटत होतं. म्हणाले, ‘हा माणूस बरोबर होता. कोणी त्याच्या बाजूनं दोन ओळी लिहून दिल्या तर मी वर पाठवतो.’ मग कागद जवळ धरून त्यांनी विचारलं, ‘आडनाव तुझंच आहे. कोण लागतो तुझा?’

माझ्या सर्व्हिस बुकात माझ्या नावापुढे तुमचं नाव होतं. त्यांनी ते कधी उघडलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘आमच्यात हे आडनाव पुष्कळांचं असतं, साहेब.’