कोटांच्या कपाटातला अल्बम

टोलेडो, सोमवार

प्रिय ओडेल,
गुडघे कसे आहेत?

काल, पाच जानेवारीला, दुपारी सव्वातीन वाजता तू फोनवर पोटच्या पोराच्या रॅपला न ऐकताच "गोंगाट" म्हणालीस. डेमेट्रियस माझ्या शेजारीच उभा होता.

तो माझ्या कोटांच्या कपाटात बसून रेकॉर्ड करतो. तिथे आवाज घुमत नाही. घरघर नको म्हणून मी हीटर बंद ठेवते.

"मावशी, गारठशील."

"तू शब्द नीट उच्चार."

आपल्याला शाळेत नन्सनी शिकवलेल्या कवितांत त्याच्या शब्दांइतकं चांगलं फार थोडं होतं. रेडिओवाल्यांना शिकागोपलीकडचं ऐकू येत नाही, पण आईनं तरी ऐकावं. चौथं गाणं तुझ्यावर आहे. ते लागलं की इथल्या न्हाव्याच्या दुकानातली बडबड थांबते.

सीडी सोबत आहे. भस्म बुधवारच्या आत, उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी, त्याला लेखी उत्तर दे. फोन नको, फोनवर तू रडशील आणि सर्दी झाली म्हणशील.

तुझी थोरली,
वर्नेटा