दोन भरलेल्या बाटल्या

७ मार्च
उद्या ओमकारचं तेरावं. घरभर माणसं आणि प्रत्येकाकडे एकेक कारण. शेजारच्या शालूवहिनी म्हणतात, चकवा लागला. त्या डोंगरावर माणूस म्हणे तिथल्या तिथंच फिरत राहतो. मामंजी म्हणतात, जनावर डसलं असणार. अहो, दोघांच्या अंगावर ओरखडा नाही! पोलिसांनी सांगितलं ना. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या, डबा उघडलेला नाही, वरच्या टाक्याच्या कठड्याला टेकून बसलेले, माझा ओमकार आणि त्याचा मित्र फैजान. लाकडं आणायला गेलेल्या बायांना आधी वाटलं, झोपलेत.
मला एका जागी बसवत नाही. ओटी ते विहीर, विहीर ते ओटी. हे ओरडले शेवटी.

८ मार्च
झालं तेरावं. गोडाचं जेवण.
फैजानचे अब्बा आले, मागच्या गेटाशीच थांबले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. झुबेदाभाभी, फैजानची आई, आली नाही. अब्बांची पाठ फिरते न फिरते तोच माझ्या धाकट्या दिरांनी तोंड उघडलं. "दोन बाटल्या, नि एकपन उघडलेली न्हाय. पान्यात काय तरी घातलं व्हतं त्या पोरानं. आपल्या ओम्याला कळलं असनार."
म्हटलं, भाऊजी, बाटली उघडलीच नाही तर विष पोटात गेलं कसं, आणि घालणारा स्वतःच मरून बसला का शेजारी? पण ऐकणाऱ्यांनी ऐकलं ते ऐकलंच.
ओम्याची बाटली मी भरली होती. माठातलं पाणी, वाळा घातलेलं.

१० मार्च
कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. लाल अक्षरं, खाली ढॅण ढॅण संगीत. काल आमच्या वाडीवर त्यांचा ड्रोन फिरत होता. ह्यांनी खालून कोयती उगारली त्याच्यावर. मला हसू फुटलं. मग इतकी लाज वाटली की मोरीत जाऊन तोंड धुतलं.
पुण्याहून फोन. पर्यटकांना देतो त्यातली खोली आहे का म्हणून विचारलं, मग हळूच, "तो मुलगा तुमच्याच घरातला का हो?" सांगितलं, खोल्या बंद आहेत. यापुढे कधी उघडेन असं वाटत नाही.
व्हिडिओखाली लोक काय काय लिहितात! फैजानचं नाव वाचलं की झालं, सगळं कोडं सुटलं त्यांचं. मेल्यांनो.

११ मार्च
लिहून टाकते. ह्यांनाही सांगितलेलं नाही.
रमजान चालू होता (अजून आहे). रमजानमध्ये ओम्या फैजानसमोर पाणी पीत नसे. पाचवीपासून. शाळेत नळावर जायचाच नाही, घरी आला की तांब्या तोंडाला लावायचा. रागावले तर म्हणे, आई, तो बघत असतो गं. मोठा झाला तरी तेच. फैजान दुबईहून सुट्टीवर आला की दोघांनी डोंगर चढायचा हे ठरलेलं, रमजान असो नाहीतर काही असो. उतरताना वाटेत खजूर खाऊन रोजा सोडायचा आणि मग दोघांनी मिळून प्यायचं.
म्हणजे बाटल्या भरलेल्या का, ते मला ठाऊक आहे. आणि त्या दिवशीचं ऊन! वाडीत केळीची पानं भाजून निघाली होती. ऊनच लागलं असेल. असेल.
सांगितलं तर भाऊजींचं विष बंद होईल. पण मग म्हणतील, त्याच्या रोज्यापायी आमचा पोरगा गेला. झुबेदाभाभीच्या कानावर जाणारच. तिचाही एकुलताच की. आणि नाही सांगितलं तर

इकडे आड, तिकडे विहीर.

१३ मार्च
हवालदार आले होते. "व्हिसेऱ्याच्या रिपोर्टाला टाइम लागंल, ताई. तुमाला काय सांगायचं हाय का?" हे माझ्याकडे टक लावून. मी चहाचं निमित्त करून आत. दूध उतू गेलं, गॅस विझला, तरी तिथंच उभी.
ते गेल्यावर ह्यांनी विचारलं, काय लपवतेस? काही नाही म्हटलं. जेवले नाहीत.

१५ मार्च
फैजानच्या अब्बांच्या दुकानात म्हणे गिऱ्हाईक फिरकत नाही. चौलपर्यंत जाऊन साखर आणतात लोक. शालूवहिनी चवीचवीने सांगत होत्या. त्यांच्याच पिशवीत चौलची साखर, बोलायला काय जातं!
बस झालं. पण आधी भाभीला सांगणार. तिला बाहेरून कळता कामा नये.

१६ मार्च
गेले दुपारी. भाभी तांदूळ निवडत होती. मला पाहून सूप बाजूला केलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.
"वैनी, तुला एक सांगायचाय. रोज निघते नि दारातनं परत फिरते. त्या दिवशी फैजानचा रोजा नव्हता गो."
पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू. तिनंच सांगितलं, बेटा, नको धरू, आजाऱ्याला अल्ला माफ करतो. "पन त्याला शरम वाटली. बोलला, अम्मी, ओम्याला सांगू नको. एवढी वर्सं तो माझ्यासाठी तहानेला राहिला, आता त्याच्या पुढ्यात मी कसा पिऊ?"
मी खाली जमिनीवरच बसले. माझा पीत नव्हता, कारण फैजानचा रोजा आहे असं त्याला वाटत होतं. तिचा पिऊ शकत नव्हता, कारण माझा पीत नव्हता. पाठीवर पाणी घेऊन दोघं. गाढवांनो! अरे गाढवांनो! मी मोठ्यानं म्हणत होते, आणि भाभी माझा हात धरून तेच.
असंच झालं का? कुणी बघितलंय? कदाचित वेगळंच काही.
मग ती उठली, माझ्यासाठी पाण्याचा पेला आणला. तिचे ओठ सुकून पांढरे पडलेले. मी पेला हातात घेतला आणि खाली ठेवला. "पी ना, वैनी." म्हटलं, थांबते. संध्याकाळची अजान होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो. मग तिनं खजूर अर्धा केला, अर्धा मला दिला.

१८ मार्च
ह्यांना सगळं सांगितलं. हे उठले, माठाशी जाऊन उभे राहिले.
भाभी म्हणते, सांग पोलिसांना, माझं नाव घेऊन सांग. भाऊजी म्हणणार, दोघींनी मिळून बनवलेली गोष्ट. पुरावा काय? रिपोर्ट अजून नाही. आला तरी त्यात काय हे असणार आहे?
एकानं कुणीतरी आधी घोट घ्यायचा होता रे, ओम्या. हसला असता फैजान. हसला असता, बस.
गेट वाजलं. हवालदार आहेत, मागोमाग भाऊजी. भाभीला निरोप धाडलाय. ती येऊन शेजारी बसेपर्यंत मी तोंड उघडणार नाही.