काचवाल्याच्या हातात ठमी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा, हात खिशात ठेवूनच, नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? (उत्तर सावकाश दे, मला खरं तर माझंच सांगायचंय.)

तू फोनवर म्हणालीस, बाळाशी गट्टी जमायला अक्कल लागत नाही, हात लागतात. गुदगुल्या कर, पोटावर फुर्र कर, तळवे चोळ. सांगायला तुझं काय जातं? माझे हात दिवसभर दुकानात काचा कापतात. त्यांच्या तावडीत आलेलं एकतर कापलं जातं, नाहीतर फुटतं. म्हणून तुझ्या भाचीला आधी कामाचे हातमोजे घालून उचललं. (धुतलेले होते, शपथ.) आता काच कुणी आडवी नेत नाही, आपल्याच वजनाने मोडते. म्हणून ठमीलाही उभी धरली, मानेला आधार देऊन, अंगापासून लांब, आणि दारातून तिरका होत "बाजूला, बाजूला" करत निघालो. घरात माणसं आम्ही तिघंच. तुझी भावजय भाजी निवडता निवडता म्हणाली, "खिडकीत बसवायला चाललायस का तिला?"

मोजे काढले. ठमीला गादीवर ठेवलं, गुदगुल्यांसाठी बोट पुढे केलं आणि सवयीने तिच्या पोटावर टिचकी मारली. हलकीच गं. तडा गेलेली काच बद्द वाजते, म्हणून आम्ही प्रत्येक काचेला मारतो तशी. वर कान लावून ऐकलंही. ठमीने श्वास रोखला, लालबुंद झाली. संपलं, म्हटलं, बापानेच फोडली पोर. आणि मग ती हसली. ताई, आवाजासकट हसली! मी आनंदाने आणखीनच घाबरलो, घाबरून आणखी एक टिचकी मारली, ती आणखी हसली आणि तिला उचकी लागली. थांबेचना. मी तिची माफी मागायला लागलो (अहो-जाहो करून). तुझ्या भावजयीने तिला खांद्यावर टाकलं, पाठीवरून हात फिरवला, उचकी बंद. मग मला म्हणाली, "सोमवारपासून मी कामावर, रजेवर तू. दिवसभर तुम्ही दोघंच. घाबरायचं तर घाबर, पण हात लावून घाबर."

बाकी इकडे मजेत. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. काळजी असावी. सोमवारी सकाळीच ये. भाचीची आठवण आली म्हणून आलीस असं सांग, माझं नाव नको.

ता. क. २. ठमीने आत्ता माझं बोट धरलंय, सोडवायचा धीर होत नाहीये, म्हणून हे डाव्या हाताने. सोमवारी ये, पण बाहेरच्या खोलीतच बस. आणि माझ्या पहिल्या हाकेला आत येऊ नकोस.