बाईंचा पाळणा

मु. तलावटोली, पो. करडी
२७ जुलै २००३

चि. सौ. ज्योत्सना हिस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम. वि. वि.

आज रविवार. सकाळी विहिरीचं पाणी आणलं, भात टाकला, शाळेच्या खोल्या उघडून कुठे गळतं ते पाहिलं. पहिली-दुसरीच्या खोलीवरचं एक कवेलू सरकलं होतं, ते बसवलं. दुपारी थोडा झोपलो.

आईचं सगळं आटोपून धर्मेंद्र नागपूरला कॉलेजात परत गेला. जेवणाचं विचारशील म्हणून सांगतो, ठीक आहे. वरणात मीठ विसरतो एवढंच. चाखून बघायची सवय तुझ्या ताईला होती, मला नाही.

शाळेचं मात्र ठीक नाही. ताईच्या जागी इश्वर नावाचा तरुण शिक्षणसेवक आला आहे. मुलगा कष्टाळू आहे, पण त्याच्या वर्गात मुलंच बसत नाहीत. गावातल्या दुकानदारांची, मोठ्या शेतीवाल्यांची मुलं आता जीपने मोहाडीच्या कॉन्व्हेंटात जातात. उरली आपल्या वस्तीची आणि ढिवरांच्या मोहल्ल्यातली. त्यांच्या आया सध्या धानाच्या रोवणीला जातात. मागच्या आठवड्यात केंद्रप्रमुखांनी दुसरीचं वाचन घेतलं. केंद्रात आमची दुसरी सर्वांत शेवटी आली. ते हळूच म्हणाले, “गुरुजी, मागच्या वर्षी तुमचीच सगळ्यांत पुढे होती ना?” मी हो म्हणालो.

सप्टेंबरअखेर पंचायत समितीचे साहेब येऊन वर्गात बसलेली मुलं मोजणार आहेत. कमी भरली तर दुसऱ्या शिक्षकाचं पद जाईल. मग चारही वर्ग माझ्या खोलीत आणि ताईच्या खोलीला कुलूप. इश्वरला दुसरीकडे जागा मिळेल. मला ते कुलूप लावायचं नाही. इतकी वर्षं मधल्या भिंतीतून तिचा आवाज यायचा. अजूनही फळ्यावर लिहिताना मी मध्येच थांबतो, तिकडची कविता संपायची वाट पाहत.

साडभाऊंना जय भीम, मुलांना आशीर्वाद. सवड काढून इकडे एक फेरी केलीस तर बरं वाटेल.

तुझा भाऊजी,
सेवकराम


सडक अर्जुनी
१० ऑगस्ट २००३

आद. भाऊजींस,
ज्योत्सनाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मिठाचं वाचून हे म्हणाले, भाऊंना मीठ नाही एवढं कळतं तरी, मला तेही कळत नाही. मी हसले आणि मग भाजी करपेपर्यंत तशीच बसून राहिले.

फेरीचं म्हणता, पण आमच्या शाळेवर मी एकटीच आहे. जिल्हा वेगळा झाला तेव्हा ताई तिकडे राहिली, मी इकडे. बदली मागून मागून थकले. आता तिकडे आले तरी ताई थोडीच भेटणार आहे?

एक विचारते, रागावू नका. ताईच्या वर्गात कोपऱ्यात तिच्या हिरव्या साडीचा पाळणा असायचा, तो आहे का? गेल्या पावसाळ्यात मी आले होते, तेव्हा ढिवरांच्या यशोदाबाईचा छोटू त्यात झोपला होता. त्याची बहीण तृप्ती पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून धडा वाचत होती. मी ताईला चिडवलं, की पगार मास्तरणीचा घेतेस आणि काम आयाबाईचं करतेस. ती हसली नाही. म्हणाली, “माय धानात गेली का पोरगी लेकराले धरून घरी बसते. लेकरू शाळेत येईल, तरच पोरगी येईल.”

तुम्ही भिंतीपलीकडून कविता ऐकत होता, भाऊजी. त्याच कवितांवर ती लेकरं झोपत होती.

पाळणा नसेल तर पुन्हा बांधा. साडी नसेल तर ताईची जी निळी मला दिलीत, ती पाठवते. मी ती नेसत नाही, नुसती घडी बदलून ठेवते.

तब्येत सांभाळा. ताई नाही म्हणून आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ज्योत्सना


मु. तलावटोली, पो. करडी
१ ऑक्टोबर २००३

चि. सौ. ज्योत्सना हिस,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

निळी साडी पाठवू नकोस असं कार्ड टाकलं होतं, ते पोचलं असेल. ती तुझ्याकडेच राहू दे.

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तलावाच्या पाळीवर गेलो. तृप्ती छोटूला कडेवर घेऊन बसली होती. शाळेत काहून येत नाहीस, विचारलं. म्हणाली, “बाई गेल्या, मंग पाळणाबी गेला. आता लेकराले कोठी ठेवू, गुरुजी?”

येऊ नको असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. पण लेकरू आणायची मुभा बाईंची होती, ती बाईंबरोबर गेली, असं सगळ्या पोरींनी धरलं. इश्वरला पाळण्याचं ठाऊकच नव्हतं. हिरवी साडी मीच सोडून घरी आणली होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिची लुगडी वाटली, त्यात ती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुलोचनाबाईंकडे गेली. त्या ती नेसतात. दिलेलं परत कसं मागायचं?

एक साडी मी वाटली नव्हती. तुलाही सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी ती शाळेत नेसून गेली होती ती, मातकट रंगाची. पदराला खडूची भुकटी होती. न धुता पेटीत ठेवली होती. तृप्ती भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत घेऊन गेलो. इश्वरने स्टूल धरलं, मी वरच्या लाकडाला बांधली. तृप्ती आली. मग तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या. रोवणी सरून निंदण आलं तरी पाळणा रिकामा राहिला नाही. पाळणा हलता ठेवून कविता शिकवायला इश्वरही शिकला. आवाज भसाडा आहे, पण भिंतीतून येतो.

काल साहेब आले. पाळण्याकडे बघून त्यांनी विचारलं, बालवाडी केव्हा काढली? मी काही बोलायच्या आत तृप्तीच म्हणाली, “बाईंचा पाळणा हाय, साहेब.” त्यांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिने न अडखळता वाचलं, पायाची दोरी न थांबवता. मुलं मोजून झाल्यावर साहेबांनी सांगितलं, पद राहील. खोली उघडी राहील. हे तुझ्या ताईला सांगायला हवं होतं.

साडभाऊंना जय भीम. दोन ओळी टाकत जा, माझा दिवस त्यावर निघतो.

तुझा भाऊजी,
सेवकराम

ता. क. साहेब गेल्यावर छोटूने पाळणा ओला केला. साडी आज धुवावीच लागली. खडू गेला. पिळायला तुझी ताई दुसरं टोक धरायची. मी ते खिडकीच्या गजाला बांधलं आणि पिळून वाळत घातली.