बाबांचे पाईप आणि माझा उतार

ती. ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पाठ धरली आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात). बाळ-बाळंतीण सुखरूप असतील, आणि आजी झाल्यापासून तुझा आवाज आणखी चढला असेल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना उतरताना दुखरा पाय आधी टाका. हे मी स्वतः निरीक्षण करून ठरवलं आहे, डॉक्टरांना विचारत बसू नका. तुमच्या घराची किल्ली आमच्याकडे आहे, मी अधूनमधून डोकावतो.

पत्रास कारण, मी एक काम तडीस नेलं आहे आणि त्यातली बारकी खुबी कळेल असं माणूस या गल्लीत उरलेलं नाही. तू लेकीकडे गेल्यावर मी फाटकापासून दारापर्यंत गाडीसाठी काँक्रीट केलं. उत्तम झालं. इतकं गुळगुळीत, की पहिल्याच मोठ्या सरीत सगळं पाणी त्यावरून वाहत थेट हिच्या शिवणाच्या खोलीत गेलं. तिच्याकडे शाळेच्या चाळीस गणवेशांची ऑर्डर आहे, कापड जमिनीवर बेतून ठेवलेलं. सहा गणवेशांचं भिजलं. ही ओरडली नाही. (ही ओरडली नाही म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.) एवढंच म्हणाली, "पुन्हा एक थेंब आत आला, तर गाडी रस्त्यावर आणि तुम्ही गाडीत."

तेव्हा दाराच्या आडवी एक नाली काढून वर लोखंडी जाळी टाकायची, हे मी त्याच दिवशी ठरवलं. प्रश्न होता नालीतलं पाणी पुढे न्यायचं कुठे. प्लंबरला बोलावलं (हिने बोलावलं). तो म्हणाला, रस्त्याच्या गटारापर्यंत बावीस फूट नवा चर खणा. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. आपल्या अंगणाखाली बाबांनी स्वतःच्या हाताने घातलेले भाजलेल्या मातीचे पाईप असताना मी चर खणू? बाबाही कुणाकडे शिकले नव्हते. दोन्ही घरं त्यांनी अशीच उभी केली, आधी आमचं, मग खालच्या अंगाला तुझं.

तीन ठिकाणी खणलं, चौथ्या ठिकाणी सापडले. ताई, चाळीस वर्षांनी आतून इतके चकचकीत, की मी बोट फिरवून पाहिलं आणि जरा वेळ तिथेच बसलो. आता पाणी कोणत्या दिशेला जाणार हे ओळखायचं एक शास्त्र आहे. या पाईपाचं एक तोंड रुंद असतं, त्यात पुढच्याचं अरुंद टोक बसतं. रुंद तोंड नेहमी चढाकडे, म्हणजे सांध्यातून पाणी गळत नाही. इथे रुंद तोंडं तुझ्या घराकडे होती, म्हणजे पाणी जाणार रस्त्याकडे. पाण्याच्या नळीने पातळी पाहिली, तर पाईप दीड इंच उलटा, तुझ्याकडेच उतरलेला दिसला. पण चाळीस वर्षांत जमीन बसते एवढं मला कळतं, म्हणून मी त्या दीड इंचाला महत्त्व दिलं नाही.

जोडणी मात्र नाजूक. नव्या प्लास्टिकच्या पाईपाची जाडी वेगळी, मातीच्याची वेगळी, दुकानात असा जोड मिळत नाही. मातीचा पाईप कापताना एक फुटला (तो फुटणारच होता), दुसरा सुरीने लोणी कापावं तसा कापला. मग स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्ही टोकांवर चढवून वरून पट्ट्या आवळल्या. प्लंबरने (हिने पुन्हा बोलावला) येऊन जोड वाकून पाहिला. तीस वर्षं धंद्यात असलेल्या माणसाने फोनवर त्याचा फोटो काढला, यात काय ते आलं. जाताना विचारतो, "साहेब, पाणी निघतंय कुठे ते पाहिलंत का?" मी दहा बादल्या ओतून दाखवल्या. पाणी जातंय म्हटल्यावर कुठे जातंय हे विचारणं, हा शंकेखोरपणा झाला.

गेल्या मंगळवारी धो धो कोसळला. मी छत्री घेऊन जाळीपाशी उभा. सगळं पाणी गटागट आत. शिवणाची खोली ठणठणीत कोरडी. ही बाहेर आली, खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि न मागता चहा आणून दिला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ताई. बाबा असते तर त्यांना हात धरून दाखवायला नेलं असतं.

नातवाला पापा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुमच्या मागच्या खोलीतला पलंग मी विटांवर चढवून ठेवला आहे. सहजच.

ता. क. २. बाबांनी पाईप उलटे घातले होते. त्यांना ते रुंद-अरुंद तोंडाचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण उतार त्यांनी अगदी बरोबर दिला होता, तुझ्या घराकडे. पाईप तुझ्या न्हाणीघराखाली संपतो, म्हणून तिथली फरशी थोडी (चार बाय चार फूट) फोडावी लागेल. भाऊजींचा गुडघा बरा असेल अशा दिवशी त्यांना विचार आणि कळव.

वन्सं, मी लिहिते आहे. खोली कोरडी आहे हे अगदी खरं, चौतीस गणवेश शिवून झाले. उरलेले राहिलेत, कारण मंगळवारपासून तुमच्या घरातलं पाणी मी उपसते आहे. हे शेजारी उभे राहून मला उतार समजावून सांगतात.