अकराव्या दिवसाचा फोन

१२ मार्च, रविवार दुपार

प्रिय आत्या,

तुझ्या खुब्याला धक्का नको, म्हणून लांबूनच वाकून नमस्कार. टाके सुकले का? शेजारच्या काकू सांगत होत्या, वॉकर धरून दारापर्यंत जातेस आणि नर्सबाईंनाच चालायला शिकवतेस. बरं वाटलं.

"तिथे नेमकं करतेस तरी काय?" असं विचारतेस ना? हाड खाणाऱ्या पेशी वाढवते. दचकू नकोस, त्या सगळ्यांच्याच हाडांत असतात. त्या जुनं हाड खरवडतात, दुसऱ्या पेशी नवं भरतात. वय झालं की खाणं जास्त, भरणं कमी. मी रक्तातून पेशी काढून हाडाच्या पातळ चकत्यांवर ठेवते, दर तीन दिवसांनी त्यांना ताजं खाणं घालते. अकराव्या दिवसाच्या सुमारास त्या एकमेकींत मिसळून मोठ्या होतात, चकतीत खड्डे पाडतात आणि लवकरच मरतात. तेव्हा मला जागचं हलता येत नाही.

"त्यांना वेळेवर वाढतेस, स्वतः जेवतेस का?" म्हणशील. जेवते.

आत्या, हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

तू पडलीस त्या दिवशी माझा फोन बंद होता, असं हॉस्पिटलात सांगितलं ना, तो बंद नव्हता. तो अकरावा दिवस होता. फोन टेबलावर वाजत होता, तीनदा. तुझाच होता, दिसत होतं. म्हटलं, नंतर करू. काकूंनी कडी वाजवेपर्यंत तू दोन तास फरशीवर होतीस आणि मी खड्डे मोजत होते. आई गेल्यावर हाडांची काडं करून तू मला वाढवलंस, आणि मी हे केलं.

काल आमच्या लॅबच्या मॅडमना सगळं सांगितलं. "पेशी परत वाढवता येतात," त्या म्हणाल्या, "आधी घरी जा." महिन्याची रजा मिळालीय. तिकीट २३च्या रात्रीचं मिळालं, २४ला सकाळी पोचते. हवं तेवढं रागव, पण दार उघडायला उठू नकोस. किल्ली काकूंकडून घेईन.

तुझ्या हाकेला न धावलेली,
बुटकी


१६ मार्च

प्रिय बुटके,

बंद फोनची रिंग जात नाही, एवढं मलाही कळतं. हॉस्पिटलात तू खोटं बोललीस, तेव्हाच ओळखलं होतं. राग आला होता. काकूंना फोन केला असता तर पाच मिनिटांत आल्या असत्या. पण पडल्यावर मला तूच आठवलीस, त्याला तू काय करणार?

ये. तुझी खोली झाडून ठेवायला सांगितलीय. तुला बघून रडले, तर खुबा दुखतोय म्हणून रडते असं समज.

तुझीच,
आत्या